शुश्रूषेचे मोल

दिवाळीला घर भरते. मुंबईचा थोरला येतो, नाशिकची लेक मुलांना घेऊन येते, फराळाची ताटे फिरतात. माजघरातल्या खाटेवर टेकून बसलेल्या आजीला सगळे नमस्कार करतात आणि तिच्या सुरकुतलेल्या हातावर कुणी ना कुणी करंजी ठेवते. पाडव्याच्या दुपारी जेवणे आटोपली, पोरे अंगणात गेली, की मोठी माणसे आवाज खाली आणून एक विषय काढतात. भाऊबीज झाली की आपण सारे आपापल्या गावी जाणार. मग हिच्याजवळ कोण राहणार? त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, पण तो सहसा कुणी तोंडाने विचारीत नाही. त्याचे पैसे कोण देणार?

हे प्रश्न आपल्याच घरातले, आपल्याच काळातले आहेत असे त्या वेळी वाटते. वस्तुतः त्यांना दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. निरनिराळ्या देशांनी त्यांची निरनिराळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तरात थोडे शहाणपण व थोडी अपूर्णता राहिली. सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु सगळे घर एकत्र असते ते याच चार दिवसांत.

इंग्लंडातील लिव्हरपूल हे बंदराचे शहर. तेथे विल्यम रॅथबोन नावाचा एक सधन व्यापारी राहत असे. १८५९ साली त्याची पत्नी आजारी पडली. तिच्या अखेरच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी राहून तिची शुश्रूषा करीत होती. पत्नी गेली. रॅथबोनच्या मनात आले, माझ्याजवळ पैसा होता म्हणून तिचे अखेरचे दिवस सुसह्य झाले. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांच्या घरी काय होत असेल? त्याने मेरी रॉबिन्सनला तीन महिन्यांच्या पगारावर ठेवले आणि शहरातील गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करण्यास सांगितले.

महिना झाला आणि बाई रडत परत आली. इतके दैन्य आपल्याच्याने पाहवत नाही, मला मोकळे करा, असे तिचे म्हणणे. रॅथबोनने तिची समजूत घातली आणि ठरलेली मुदत तेवढी पुरी करण्याची विनंती केली. तीन महिने संपले तेव्हा तीच बाई सांगू लागली की, आता हे काम सोडून पूर्वीच्या कामाकडे जाणे मला जमणार नाही. घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या संघटित कार्याचा आरंभ असा एका बाईच्या अश्रूंतून झाला.

मात्र एक मेरी रॉबिन्सन पुरणार कशी? रॅथबोन अशा आणखी बाया शोधू लागला आणि त्याला पहिला धडा मिळाला. पैसे देण्याची तयारी असली तरी शिकलेले माणूस मिळत नाही. त्याने १८६१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहिले. बाईंचा सल्ला सरळ होता: तयार परिचारिका मिळत नसतील तर त्या तयार करा. त्याप्रमाणे लिव्हरपूलच्या रुग्णालयाला जोडून प्रशिक्षणाची शाळा निघाली, शहराचे अठरा विभाग पाडण्यात आले आणि विभागागणिक परिचारिका नेमण्याची व्यवस्था झाली. परिचारिका आजाऱ्याला पाही; विभागातील एखादी प्रतिष्ठित स्त्री वर्गणी, अंथरूण-पांघरूण आणि पथ्याचे अन्न यांची तजवीज करी. सेवा एकीची आणि पैशाची चिंता दुसरीची, ही वाटणी तेथे प्रथम नीट झाली.

नाइटिंगेल बाईंचे नाव आपण रुग्णालयाशी जोडतो. पण १८६७ सालच्या एका पत्रात त्यांनी उलटाच विचार मांडला आहे. शुश्रूषेचे अंतिम स्थान म्हणजे रोग्याचे स्वतःचे घर. रुग्णालये एक दिवस नाहीशी व्हावीत अशी माझी इच्छा आहे. परंतु दोन हजार साली काय होईल हे आज बोलून काय उपयोग, असा त्या पत्राचा आशय. त्या २००० सालाकडे आपण पुढे वळणारच आहोत.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा इंग्लंडातील स्त्रियांनी वर्गणी जमवली. तिच्यातील ७०,००० पौंड राणीने घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेसाठी दिले. खेडोपाडी मंडळे निघाली आणि कुटुंबामागे थोडी थोडी वर्गणी घेऊन परिचारिका ठेवू लागली. निरोगी असताना चार पैसे द्यावेत आणि अंथरुणाला खिळल्यावर हक्काने सेवा घ्यावी, ही कल्पना सामान्य माणसाला पटली. कारण दुसरा मार्ग होता दरिद्री-गृहाचा, आणि तेथे जाऊन मरण्याची भीती तिकडच्या म्हाताऱ्यांना मरणापेक्षा मोठी वाटे.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. घरी येणारी परिचारिका त्या दिवसापासून विनामूल्य झाली. पण कायद्यात एक बारीक भेद राहून गेला. जखमेची पट्टी बदलणारी परिचारिका फुकट. न्हाऊ घालणारी, घर झाडणारी, चूल पेटवणारी मदतनीस आली तर तिच्यासाठी स्थानिक संस्थेला शुल्क घेण्याची मुभा. पहिले काम आरोग्याचे, दुसरे संसाराचे! ज्या घरात वृद्ध माणूस आहे त्या घराला विचारा, हा भेद कुठे करायचा? हाताला कंप असलेल्या माणसाला घास भरवणे हे आरोग्याचे काम की संसाराचे? १९९९ साली तेथील एका शाही आयोगाने ही वैयक्तिक सेवाही विनामूल्य असावी अशी शिफारस केली. स्कॉटलंडने २००२ पासून पासष्टीवरील माणसांसाठी ती मानली. इंग्लंडने मानली नाही. एकाच राज्याच्या दोन भागांत म्हातारपणाचा हिशेब असा वेगळा झाला.

अमेरिकेत या कामाला प्रारंभी विमा कंपनीचा पैसा मिळाला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८९३ पासून लिलियन वॉल्ड ही परिचारिका घरोघर हिंडत असे. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९०९ साली तिच्या संस्थेच्या साहाय्याने आपल्या विमेदार कामगारांच्या घरी परिचारिका पाठवण्यास सुरुवात केली. यात दया होती आणि हिशेबही होता. विमेदार जगला तर कंपनीला मृत्यूची रक्कम द्यावी लागत नाही! पुढे साथीचे रोग आटोक्यात आले आणि वार्धक्याचे लांबलचक आजार वाढले. अशा आजारात परिचारिकेच्या खेपा संपत नाहीत आणि वाचवलेल्या पैशाचा आकडाही मांडता येत नाही. १९५३ च्या आरंभी कंपनीने ही सेवा बंद केली.

मग सरकार पुढे आले. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दिले. त्या विम्यातून घरी येणाऱ्या परिचारिकेचा खर्च मिळतो. पण रोगी घराबाहेर पडण्यास असमर्थ असला पाहिजे, डॉक्टरची शिफारस पाहिजे, आणि सेवा कुशल व अधूनमधून लागणारी पाहिजे. नुसती सोबत, आंघोळ, रात्रीची जाग यांसाठी माणूस हवे असेल तर खर्च आपला. साठवलेले संपले आणि माणूस गरिबांच्या यादीत बसला, की मेडिकेड नावाची दुसरी योजना त्याच्यासाठी आहे. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाने मदतीसाठी आधी निष्कांचन व्हावे, ही अट किती जिव्हारी लागत असेल!

या प्रश्नाला सरळ तोंड देणारा मोठा देश म्हणजे जर्मनी. १ जानेवारी १९९५ पासून तेथे शुश्रूषा-विमा अस्तित्वात आला. हप्त्याचा अर्धा भाग कामगाराने आणि अर्धा मालकाने द्यायचा. मालकांचा भार हलका करण्यासाठी काय केले? वर्षाची एक सुट्टी रद्द केली! नोव्हेंबरात येणारा पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस सॅक्सनी सोडून साऱ्या प्रांतांनी सोडला. सॅक्सनीने सण राखला, आणि तेथील कामगार हप्त्याचा जास्त वाटा उचलतात. म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी सणाचा एक दिवस देऊन टाकण्याचा हा व्यवहार दिवाळी अंकाच्या वाचकाने क्षणभर मनात घोळवावा.

जर्मन विम्याची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कुटुंबाने बाहेरची परिचारिका मागवावी किंवा रोख रक्कम घेऊन आपल्याच माणसाने सेवा करावी, अशी दोन्ही दारे तेथे उघडी आहेत. रोख रक्कम कमी मिळते. तरी आरंभी बहुसंख्य कुटुंबांनी तीच पसंत केली. शिवाय घरी सेवा करणाऱ्या माणसाच्या निवृत्तिवेतनाचे हप्तेही विमा भरतो. सासूची सेवा करण्यासाठी नोकरी सोडलेल्या सुनेचे म्हातारपण त्यामुळे अगदीच उघडे पडत नाही.

जपानने १ एप्रिल २००० पासून असाच विमा सुरू केला. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून आणि निम्मा करांतून. किती मदत हवी हे तपासून पायरी ठरवली जाते, आणि कोणती सेवा कुठून घ्यायची याची आखणी करून देणारा जाणकार माणूस मिळतो. घेणाऱ्याने खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा, सुस्थितीतल्यांनी अधिक. मात्र जपानने कुटुंबाला रोख रक्कम देण्याचे नाकारले. तसे केल्यास सारे ओझे पुन्हा सुनेच्याच डोक्यावर बसेल, असे तेथील स्त्रियांनी बजावले होते. जर्मनीने सुनेच्या कष्टांचे मोल केले, जपानने तिला कष्टांतून सोडवू पाहिले. कोणते बरोबर, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या सुनेला विचारून ठरवावे. एवढे करूनही जपानला माणसे पुरेनात. २००८ पासून इंडोनेशियातून आणि पुढे फिलिपिन्स व व्हिएतनाममधून त्यांना परिचारक बोलवावे लागले. रॅथबोनचा पहिला धडा दीडशे वर्षांनीही शिळा झालेला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या १९०९ सालात न्यूयॉर्कच्या कामगारांच्या घरी परिचारिका जाऊ लागली, त्याच साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले. सेवासदनातून मुली आणि विधवा परिचारिकेचे काम शिकण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. परक्या माणसाचा मळ काढणे हे भल्या घरच्या स्त्रीचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात हे पाऊल टाकायला केवढे धैर्य लागले असेल! शिकलेल्या सेवेला प्रतिष्ठा देण्याचे अर्धे काम त्या पिढीने केले. ती सेवा सामान्याच्या आवाक्यात आणण्याचे उरलेले अर्धे आपण अजून केलेले नाही.

२०११ च्या जनगणनेत साठीवरील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला आणि निर्वाहात औषधोपचारही धरला. पण न्यायाधिकरणाने द्यावयाच्या रकमेला महिना दहा हजार रुपयांची मर्यादा घातली. तेवढ्यात पुण्या-मुंबईत रात्रंदिवस माणूस मिळत नाही. २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. आपले बहुतेक आरोग्यविमेही रुग्णालयाच्या दारापर्यंतच सोबत करतात. माणूस बरा होऊन, किंवा न होताच, घरी आला की पुढचा खर्च कुटुंबाचा.

म्हणून घरोघरी ब्यूरोचा फोन फिरवला जातो. मावशी येतात, जातात. माणूस शोधताना हवे कोण, हे आधी ठरवलेले बरे. इंजेक्शन, नळी, जखम असेल तर शिकलेली परिचारिका लागते. उठबस, आंघोळ, जेवण एवढेच असेल तर मदतनीस पुरते. परिचारिकेच्या पगारात मदतनिसाचे काम करवणे हा पैशाचा अपव्यय, आणि मदतनिसाकडून परिचारिकेचे काम करवणे हा जिवाशी खेळ. कामाचे तास, सुट्टीचा दिवस, जेवण, ब्यूरोचा हिस्सा आणि तिच्या हाती पडणारी रक्कम, हे सारे पहिल्या दिवशीच कागदावर यावे. खर्चाची वाटणी भावंडांनीही तशीच उघड करावी. जो जवळ राहतो त्याचे श्रम हीदेखील वर्गणीच असते, हे दूरच्यांनी विसरू नये.

घरापलीकडचे उत्तर शोधायचे तर ते फार लांब नाही. केरळात २००१ पासून मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजाऱ्यांनी शुश्रूषेची जाळी उभी केली. लोकांनी थोडे थोडे पैसे काढले, स्वयंसेवक शिकले, परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणच जाहीर केले आणि पुढे ग्रामपंचायतींनी परिचारिका नेमल्या. लिव्हरपूलची वर्गणी आणि केरळची वर्गणी यांत शतकाहून अधिक अंतर आहे, पण रीत तीच: सर्वांनी थोडे द्यावे, ज्याला लागेल त्याने घ्यावे.

या इतिहासात एक गोष्ट कुठेच लिहिलेली सापडत नाही. मेरी रॉबिन्सन दुसऱ्यांची आजारपणे काढीत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या माणसांजवळ कोण होते? आपल्या घरी येणाऱ्या मावशींनाही गावाकडे आई असते. भाऊबीजेला तिला ओवाळणी घालावी, ते योग्यच. पण दोन दिवसांची सुट्टी पगारासकट द्यावी आणि ते दोन दिवस आजीजवळ आपण बसावे. शुश्रूषेचे मोल किती, ते त्या दोन रात्रींत पुरेसे कळते. आणि मग पाडव्याच्या दुपारचा तो दुसरा प्रश्न मोठ्याने विचारायला कुणाला संकोच वाटणार नाही.