‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले?

इंग्रजीचा साधा भूतकाळ शिकताना मराठी मूल हटकून अडते ते ‘गो’पाशी. ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ होते, ‘प्ले’चे ‘प्लेड’ होते. मग ‘गो’नेच काय घोडे मारले? “पाठ कर,” एवढेच उत्तर त्याला मिळते. पाठ झाले नाही की पोर स्वतःला मठ्ठ समजू लागते. मला याचे फार वाईट वाटते. कारण हा घोळ पोराच्या बुद्धीचा नाही, इतिहासाचा आहे.

पाचव्या शतकापासून अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये वस्ती करू लागल्या. त्यांच्या बोलीत भूतकाळाच्या दोन रीती होत्या. एकीत शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा, जसे ‘सिंग’चे ‘सँग’. दुसरीत शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ जोडायचा. परीकथांमुळे आपल्या परिचयाच्या ग्रिम बंधूंपैकी थोरले याकोब हे मोठे व्याकरणकार. त्यांनी पहिल्या क्रियापदांना ‘सबळ’ आणि दुसऱ्यांना ‘दुर्बळ’ म्हटले. गंमत अशी की पुढे दुर्बळांचीच सरशी झाली! पूर्वी ‘हेल्प’चे ‘होल्प’ होई, आता ‘हेल्प्ड’ होते.

२००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगात त्यांतली १४५ अनियमित राहिली होती, आज ९८ उरली आहेत. जी क्वचित वापरात, ती लवकर नियमात आली. जी रोज तोंडात, ती जुन्या वळणावरच राहिली. जे वारंवार कानांवर पडते ते विसरले जात नाही, म्हणून बदलतही नाही.

आता ‘वेंट’विषयी. हा मुळात ‘वेंड’ म्हणजे ‘वळणे, वाट धरणे’ या निराळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. जुन्या इंग्रजीत ‘गो’च्या भूतकाळी ‘एओदे’ असे रूप होते. ते मागे पडले आणि त्याच्या जागी ‘वेंट’ दत्तक आला.

इंग्रजांना हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकवावे. ‘मी जातो’, पण काल ‘मी गेलो’! ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’पासून. म्हणजे आपल्याकडेही दत्तकविधान झालेच. बाळकडूबरोबर मिळाले म्हणून खुपले नाही, इतकेच.

शिवाय दिवाळीचे ताट पाहा. मी लाडू खाल्ला, चकली खाल्ली, अनारसे खाल्ले. आपला भूतकाळ संस्कृतातल्या ‘खादित’सारख्या विशेषणरूपांतून आला, म्हणून तो खाणाऱ्याकडे न बघता पदार्थाकडे बघतो. इंग्रजाला मात्र ‘एट’ हे एकच रूप साऱ्या फराळाला पुरते! आपली भाषा शिकायला बसलेल्या परक्याला घाम फुटत असेल, तो इथेच.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, एखादे पोर ‘गो’चे ‘गोड’ करील तर हसू नका. हजारभर वर्षांत जो नियम इंग्रजीत वरचढ ठरला, तो त्या चिमुरड्याने आपला आपण हेरलेला असतो. आधी शाबासकी द्या, मग ‘वेंट’ सांगा. आणि तो दत्तक कसा आला, ती गोष्टही सांगा. गोष्ट ऐकलेले सहसा विसरत नाही.