दोरायाकी

दोरायाकी : दोन गोल, मऊ, तपकिरी चकत्यांमध्ये कडधान्याचे गोड सारण भरून केलेली जपानी मिठाई. चकत्या मैदा, अंडी, साखर व मध यांच्या सरसरीत पिठाच्या असून त्या तव्यावर भाजतात. सारणाला जपानीत ‘आन’ किंवा ‘आंको’ म्हणतात. ते बहुधा अझुकी या बारीक, लाल कडधान्याचे असते. महाराष्ट्रातील मुलांना हा पदार्थ ‘डोरेमॉन’ या मालिकेतून माहीत झाला. तिची मूळ, फुजिको एफ. फुजिओ यांची चित्रकथा १९६९च्या अखेरीस जपानी मासिकांतून सुरू झाली आणि तिची हिंदी रूपांतरित मालिका २००५ पासून भारतात दिसू लागली. हिंदी संवादांत दोरायाकीचे ‘डोरा केक’ झाले, आणि शहापूर-मुरबाडकडच्या गावांतली मुलेही तो त्याच नावाने मागतात.

इतिहास : आजची दोन चकत्यांची घडण टोकिओतील उएनो भागातल्या ‘उसागिया’ या दुकानाने १९१४च्या सुमारास रूढ केली, असे मानले जाते. त्यापूर्वी एकाच पातळ चकतीत सारण ठेवून तिची घडी घालत. चकतीचा मऊपणा ‘कास्तेला’ या केककडून आला. तो केक सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नागासाकीला नेला. जपानकडे जाणारी त्यांची जहाजे गोव्याहूनच निघत. ओसाका-नारा भागात दोरायाकीला ‘मिकासा’ म्हणतात. नाओमी कावासे यांच्या ‘आन’ (२०१५) या चित्रपटाची कथा दोरायाकीच्या एका छोट्या दुकानात घडते; त्यात चकत्या भाजणारा गडी आहेच, पण दुकानाला गिऱ्हाईक मिळते ते एका वृद्धेच्या हातच्या सारणामुळे.

सारण : घरी दोरायाकी करताना कस लागतो तो इथेच, आणि मराठी स्वयंपाकघराची निम्मी तयारी इथेच झालेली असते. शिजवलेले कडधान्य गोड करून आटवणे ही पुरणाचीच रीत आहे. अझुकी गावच्या बाजारात मिळत नाही. मात्र मूग, उडीद, मटकी व चवळी ही तिची सख्खी भावंडे, कारण वनस्पतिशास्त्रात या सगळ्यांची प्रजाती (व्हिग्ना) एकच. त्यांत लाल चवळी चवीला व रंगाला सर्वांत जवळची.

२०० ग्रॅम चवळी रात्रभर भिजवावी. पहिली उकळी आली की ते पाणी ओतून टाकावे. त्याने तुरटपणा जातो. नव्या पाण्यात दाणा दोन बोटांत अलगद चिरडेपर्यंत शिजवावी आणि मगच १५० ते १८० ग्रॅम साखर दोन-तीन वेळा विभागून घालावी. साखर आधी पडली तर दाणा पुढे मऊ होत नाही. शेवटी चिमूटभर मीठ. पुरण झाले हे पळी उभी राहिल्यावर कळते. आंकोला तेवढे आटवू नये. पळीने पातेल्याच्या बुडावर ओढलेली रेघ क्षणभर टिकली की उतरवावे, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते. दाणे अर्धवट राखले तर ‘त्सुबुआन’, पुरणयंत्रातून काढून साली वेगळ्या केल्या तर ‘कोशिआन’. साखरेऐवजी गूळ चालतो. ओकिनावाची काळी साखर म्हणजे उसाच्या रसाचा गूळच होय.

चकत्या : २ अंडी व ८० ग्रॅम साखर फिकट, फेसाळ होईपर्यंत घोटावी. त्यात १ मोठा चमचा मध, २ मोठे चमचे पाण्यात विरघळवलेला अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चाळलेला १२० ग्रॅम मैदा मिसळून पीठ अर्धा तास झाकून ठेवावे. मग लागेल तसे थोडे पाणी घालून, पळीतून सलग धारेने पडेल इतपत सैल करावे. एवढ्यात साधारण ८ ते १० चकत्या होतात.

तव्यावर तेलाचा हात फिरवून तो कापडाने पूर्ण पुसून घ्यावा. तेल राहिले की चकतीवर डाग उमटतात. कोरड्या तव्यावर मध-साखरेमुळे सारखा तपकिरी रंग येतो. तापलेला तवा ओल्या फडक्यावर क्षणभर टेकवून आच मंद करावी, पीठ एकाच जागी वरून ओतावे व पसरवू नये. ते आपोआप गोल होते. पृष्ठभागावर बुडबुडे येऊन फुटू लागले आणि कडेची चकाकी गेली की उलटावे. दुसऱ्या बाजूला अर्धा-पाऊण मिनिट पुरते. चकत्या लगेच ओलसर फडक्याखाली ठेवाव्यात, नाहीतर कडा कडक होतात.

डोळखांब परिसरातील सोय : शहापूर तालुक्यातील डोळखांब हे आजोबा पर्वताच्या वाटेवरचे गाव, भोवतालची शेती भाताची. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, हरभरा घेतात, त्यामुळे सारणाचे कडधान्य घरचे निघू शकते. वाल मात्र टाळावा : बिरड्याला जी कडसर चव हवीशी वाटते, ती गोडात खटकते. पांढरे सारण हवे असल्यास पांढऱ्या चवळीच्या साली काढून घ्याव्यात. घरचे तांदळाचे पीठ मैद्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत चालते. नुसत्या तांदळाचे घावन होईल, कारण चकती फुगवून धरणारा चिकटपणा तांदळात नसतो. भाकरीचा लोखंडी तवा मध्यभागी फार तापतो. चुलीवर निखारे कडेला ओढून घ्यावेत. अंडी न खाणाऱ्या घरांत त्यांच्या जागी अर्धी वाटी दही व लागेल तसे दूध घालतात; चकती थोडी बसकी होते, पण मऊ राहते.

भरणे व टिकवणे : चकत्या कोमट असताना एकीवर ३० ते ४० ग्रॅम सारण मध्यभागी उंच ठेवावे, दुसरी झाकून कडा चिमटीने दाबाव्यात. झाकून काही तास ठेवल्यास सारणातील ओल चकतीत मुरते व चव सुधारते. म्हणून पाहुण्यांसाठी आदल्या रात्री करणे सोयीचे. बाहेर एक दिवस, शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकते; पावसाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवावी.

सजातीय प्रकार : माशाच्या आकाराच्या साच्यातील ‘ताइयाकी’ आणि जाड, चपट्या गोल साच्यातील ‘इमागावायाकी’ यांतही हेच सारण असते, पण त्यांना खास साचा लागतो. दोरायाकीला साधा तवा पुरतो, त्यामुळे घरी सुरुवात करायला तीच बरी.