भाग ३४ : ‘एकदा बंद करून चालू करा’ म्हणणाऱ्या माणसाचा इतिहास

संगणकाचा इतिहास म्हटला की यंत्रं बनवणाऱ्यांची नावं येतात. यंत्र बंद पडल्यावर ज्याला शिव्या खाव्या लागतात, त्याचं नाव कुठंच येत नाही. आजचा भाग त्याचा. मी स्वतः तीन वर्षं रात्रपाळीला हेडसेट लावून बसलोय, त्यामुळं मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात भाड्यापासून करू. १९६०च्या दशकात आयबीएमचे मोठे संगणक बहुतेक गिऱ्हाइकं भाड्यानं घ्यायची. त्या भाड्यात प्रोग्राम, प्रशिक्षण, इंजिनिअरची मदत, सगळंच यायचं. कार्यालयाबरोबर भांडी आणि आचारी मिळावेत, तसं. २३ जून १९६९ला आयबीएमनं जाहीर केलं की यातल्या बऱ्याच गोष्टींचे पैसे आता वेगळे. त्यामागं मक्तेदारीविरोधी खटल्याचं सावट होतं, पण तो आजचा विषय नाही. मदतीचं बिल वेगळं झालं, एवढं लक्षात ठेवा.

आता भारतात या. आपल्याकडे तेव्हा आयबीएम १४०१ जोरात होतं. मॉडेल १९५९चं. तिकडं जुनी झालेली यंत्रं दुरुस्त करून आपल्या गळ्यात मारतात, अशी टीका व्हायची. मग १९७३चा फेरा कायदा आला. परदेशी कंपनीनं भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा म्हणून सरकार अडून बसलं, आयबीएम पूर्ण मालकी सोडेना, आणि १९७८मध्ये ती देशातून बाहेर पडली. यंत्रं मात्र इथंच राहिली.

ती चालवायची कुणी? सरकारनं १९७५मध्येच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, काढून ठेवली होती. देशभरातल्या ८००हून जास्त ठिकाणच्या यंत्रांची देखभाल तिच्याकडे आली. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. बनवणारा देश सोडून गेलाय, सुटे भाग सहज मिळत नाहीत, पावसाळ्यात दमट हवेनं पंच कार्डं फुगतात आणि रीडरमध्ये अडकतात. अशा वेळी जो माणूस यायचा, तो समोर उभा राहून तक्रार ऐकायचा आणि तिथंच यंत्र उघडायचा. ऐकणारा आणि दुरुस्त करणारा एकच. अहो, टेक सपोर्टची खरी व्याख्या हीच आहे!

पुढं पीसी घरोघरी आला आणि गणित बदललं. प्रत्येक घरी इंजिनिअर कुठून पाठवणार? मग फोन. १९९४मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्रात हेल्पलाइनवरच्या गमतीजमती छापून आल्या होत्या. कुणी माउस पायाखाली ठेवून शिलाई मशिनसारखा दाबतंय, तर कुणी ‘एनी की’ नावाचं बटण कीबोर्डवर शोधतंय. ते बटण विचारणारे फोन इतके यायचे, की कॉम्पॅक कंपनी ‘प्रेस एनी की’ ही सूचनाच बदलायच्या विचारात होती म्हणे.

सगळे हसतात. आमच्या फ्लोअरवरही ‘बिघाड खुर्ची आणि कीबोर्डच्या मधे आहे’ हा विनोद रोज व्हायचा. पण बघा, इतक्या लोकांना एकच वाक्य कळत नसेल तर चूक वाक्याची असते. आणि हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? फोन उचलणाऱ्याला. त्यानं सांगायचं कुणाला, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

कारण पुढची पायरी आपल्याकडची. १९९९चं नवं दूरसंचार धोरण आलं, १ एप्रिल २००२ला आंतरराष्ट्रीय कॉलवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली, लाइन स्वस्त झाल्या. बंगळूर, गुडगाव, पुणे, मुंबई इथं कॉल सेंटरं उभी राहिली. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. सुनीलचा ‘सॅम’ व्हायचा, उच्चार घासूनपुसून घेतले जायचे.

आणि हातात काय? स्क्रिप्ट. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, बंद करून चालू करा. डोक्यावर घड्याळ: एका कॉलला सरासरी किती मिनिटं लागली. दहा मिनिटं जास्त घेऊन एखाद्या म्हाताऱ्या बाईंचं काम खरंच करून दिलंत, तर तुमचा आकडा बिघडला. घाईघाईनं कटवलंत, तर आकडा सुंदर. त्या बाईंचा दुसऱ्या दिवशीचा कॉल दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला.

नोव्हेंबर २००३मध्ये डेलनं काही कॉर्पोरेट गिऱ्हाइकांचे कॉल बंगळूरहून परत अमेरिकेत वळवले. तक्रारी दोन होत्या. एक, उच्चार कळत नाहीत. दोन, पाठ केल्यासारखी उत्तरं मिळतात. चर्चा झाली ती पहिलीची, आणि ती आपल्या लोकांना फार लागली. मला विचाराल तर दुसरी तक्रार शंभर टक्के खरी होती, फक्त पत्ता चुकला होता. पाठ केलेलं बोलायचं, हा नियम बंगळूरच्या पोरानं केला नव्हता. १९७८च्या माणसाला यंत्र उघडायची मुभा होती. याला कागदाबाहेरचं वाक्य बोलायची नव्हती.

आमच्याकडे कॉल संपला की तिकिटावर कारण निवडावं लागायचं. यादीत ‘वापरकर्त्याची चूक’ होतं, ‘नेटवर्क’ होतं, ‘इतर’ होतं. ‘आपलंच सॉफ्टवेअर डोक्यात जातं’ असा पर्याय नव्हता. मी बऱ्याचदा ‘इतर’ निवडायचो आणि खालच्या चौकटीत खरं कारण सविस्तर लिहायचो. तीन वर्षांत त्याबद्दल वरून एकही फोन आला नाही.

पुढच्या भागात याच सीएमसीनं रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर संगणक कसा आणून बसवला, ते ऐकू. भेटूच.