स्नेह, तेल आणि वंगण : एका अनुच्चारित गरजेचा मराठी इतिहास

संस्कृतातील 'स्निह्' या धातूचे दोन अर्थ आहेत, चिकट किंवा ओशट होणे हा एक आणि माया करणे हा दुसरा. या धातूपासून आलेला 'स्नेह' हा शब्द मराठीत स्थिरावला तो मुख्यतः दुसऱ्या अर्थाने. पहिला अर्थ वैद्यांच्या ग्रंथांपुरता उरला. घरात त्याची जागा 'तेल' या शब्दाने घेतली आणि घर्षण कमी करणाऱ्या पदार्थास गाडीच्या आसाशी निगडित असलेला 'वंगण' हा शब्द मिळाला. या वाटणीत एक गरज मात्र शब्दावाचून राहिली. समागमाच्या वेळी होणारे घर्षण व वेदना कमी करण्यासाठी वापरावयाच्या पदार्थास मराठीत सर्वमान्य, सभ्य आणि नेमके असे नाव रुळले नाही. ही उणीव केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय आहे असे समजणे बरोबर होणार नाही. नाव नसल्यामुळे भेद कळला नाही, आणि भेद न कळल्यामुळे निवड चुकत राहिली, असे या विषयाचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

प्राचीन वैद्यकास ही गरज अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत 'शुष्का' या नावाने कोरडेपणाची स्वतंत्र गणना केली आहे. घृत, तैल, वसा व मज्जा हे चार स्नेह मानून योनिरोगांत त्यांचा बाह्य व आभ्यंतर उपयोग सांगण्याची परंपरा होती. औषधी तेलात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवण्याच्या उपचारास 'पिचु' अशी संज्ञा आहे. म्हणजे रोगाला नाव होते, द्रव्याला नाव होते आणि वापराच्या रीतीलाही नाव होते. तथापि ही परिभाषा वैद्याच्या पोथीतून माजघरात उतरली नाही.

माजघरात होती ती तेले. रत्नागिरी जिल्ह्यासारख्या नारळ आणि कोकम यांच्या प्रदेशात खोबरेल हे केसांचे, अंगाला लावण्याचे आणि अनेक घरगुती उपचारांचे सार्वत्रिक द्रव्य. कोकमाच्या, म्हणजे भिरंडाच्या, बियांपासून काढलेले घट्ट भिरंडेल भेगाळलेल्या टाचांसाठी व फुटलेल्या ओठांसाठी प्रसिद्धच आहे. खोबरेल, तिळेल, एरंडेल, करंजेल, भिरंडेल ही शब्दमालिका भाषाभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. 'तैल' म्हणजे मुळात तिळाचा रस. पुढे त्याचा अर्थ व्यापक झाला, त्याचे झिजलेले रूप 'एल' प्रत्ययासारखे वापरात आले आणि मूळच्या तिळालाही 'तिळेल' असे नवे नाव घ्यावे लागले. या मालिकेत वर्गीकरणाचे तत्त्व एकच आहे : तेल कोणत्या बीपासून निघाले. ते पाण्यात मिसळते की नाही, रबरावर त्याचा काय परिणाम होतो, शरीराच्या आतील नाजूक त्वचेस ते मानवते की नाही, हे प्रश्न त्या नावांत नाहीत. ते विचारण्याचा प्रसंगही पूर्वी आलेला नव्हता. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेले व्हॅसलिन पुढे आपल्याकडेही आले, तेव्हा तेही लोकांच्या दृष्टीने या तेलांच्याच पंक्तीत जाऊन बसले.

हा प्रसंग आणला रबराने. गुडइयरच्या शोधामुळे टिकाऊ झालेल्या रबराची संततिनियमनाची साधने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत बनू लागली आणि १९२० नंतरच्या काळात लॅटेक्सची पातळ साधने आली. नेमक्या याच काळात मराठीत या विषयाची उघड चर्चा सुरू झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ मध्ये दापोली तालुक्यातील मुरुड येथे झाला. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते. स्टोप्स यांच्या पद्धतीत रबरी टोपी आणि कोको बटरमध्ये घोळलेली क्विनीनची वडी यांना स्थान होते. स्निग्ध द्रव्य रबराला मारक ठरते हे आजच्या रसायनशास्त्रातील साधे तथ्य लक्षात घेता, त्या काळच्या उपचारांतच एक अंतर्विरोध होता असे दिसते. कोको बटरचे गुणधर्म कोकणातील भिरंडेलाशी इतके जुळतात, की युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशात चॉकलेटमध्ये कोको बटरबरोबर वापरण्यास मान्यता मिळालेल्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांत कोकमाचाही समावेश आहे. म्हणजे लंडनमधील टोपीस जो धोका होता, तोच धोका मुरुडच्या घरातील वाटीतही होता.

कर्व्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक १९२३ मध्ये निघाले. १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली आणि जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते चालू होते. या मासिकाचे एक वैशिष्ट्य म्हणजे वाचकांच्या कामजीवनविषयक प्रश्नांना दिलेली उत्तरे. १९३४ मधील खटला अशा उत्तरांवरूनच उद्भवला. त्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. या घटनेचा भाषिक अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. शास्त्रीय शब्द समाजात रुजतात ते प्रश्न आणि उत्तरे यांच्या सततच्या देवघेवीतून. ही देवघेवच जेथे दंडनीय ठरते, तेथे शब्द एकतर संस्कृतात लपतात किंवा शिवीत उरतात. मधली, रोजच्या व्यवहाराची मराठी या विषयात घडू शकली नाही, त्याचे एक कारण येथे सापडते.

स्वातंत्र्यानंतर शासनाने १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आणला. १५ पैशांस ३ या सवलतीच्या दराने तो वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचला आणि एका उत्पादनाचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. साधनाला शब्द मिळाला; त्याच्या जोडीने वापरावयाच्या वंगणाला मात्र मिळाला नाही. परिणामी लॅटेक्सच्या नव्या साधनाबरोबर घरातील जुने तेल वापरण्यास भाषेने कोणताही अटकाव केला नाही. तेलाचे रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये शिरून त्या सैल करतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेलाच्या अवघ्या ६० सेकंदांच्या संपर्काने लॅटेक्सची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. खोबरेल, व्हॅसलिन, तूप, अंगाला लावण्याची मलमे ही सर्व या बाबतीत एकाच वर्गातील होत. साधन फाटल्याचा दोष अशा वेळी साधनाकडे किंवा नशिबाकडे जातो, वाटीतील तेलाकडे जात नाही.

पाण्याच्या आधाराने बनलेले वंगण पश्चिमेत शस्त्रक्रियागृहातून आले. न्यूयॉर्कमध्ये १९०४ मध्ये के-वाय जेली तयार झाली ती वैद्यकीय उपकरणांसाठी. घरगुती वापर नंतरचा. त्यापुढे सिलिकोनची वंगणे आली. आज निवड करताना म्हणूनच मूळ बी कोणते यापेक्षा आधारद्रव्य कोणते हा प्रश्न आधी विचारावा लागतो. पाण्याचे व सिलिकोनचे वंगण लॅटेक्सबरोबर चालते, तेलाचे चालत नाही. सिलिकोनचे वंगण लवकर वाळत नाही, परंतु सिलिकोनच्याच उपकरणांचा पृष्ठभाग ते बिघडवू शकते. पाण्याचे वंगण धुण्यास सोपे, पण लवकर सुकणारे असते.

पाण्याची वंगणेही एकसारखी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या सूचनापत्रात दोन कसोट्या दिल्या. पहिली, सामू : योनिमार्गासाठी तो सुमारे ४.५ आणि गुदमार्गासाठी ५.५ ते ७ असावा. दुसरी, विरघळलेल्या कणांची तीव्रता, म्हणजे ऑस्मोलॅलिटी : ती शक्यतो ३८० च्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत १२०० च्या आत असावी. ग्लिसरीन व ग्लायकोल यांचे प्रमाण फार असल्यास ही तीव्रता वाढते, पेशींतील पाणी शोषले जाते आणि नाजूक आवरणास इजा होते. गुदमार्गास स्वतःचा ओलावा नसल्याने तेथे दाट व टिकाऊ वंगण आवश्यक ठरते. बधिर करणारी मिश्रणे वेदनेबरोबर इजेची सूचनाही दडवितात. शुक्रजंतुनाशक नॉनोक्सिनॉल-९ असलेले वंगण तेथे वर्ज्य मानले जाते. अपत्याची इच्छा असलेल्या जोडप्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक नेहमीची वंगणे, इतकेच नव्हे तर लाळसुद्धा, प्रयोगशाळेतील चाचण्यांत शुक्रजंतूंची गती मंदावताना आढळली आहे. त्यांच्यासाठी वेगळी वंगणे मिळतात.

सर्वांत अधिक अबोल राहिली ती चरकाची 'शुष्का'. ऋतुनिवृत्तीनंतर, तसेच अंगावर पाजण्याच्या काळात, इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडेपणा येतो. येथे दोन द्रव्यांत फरक करणे अगत्याचे आहे. वंगण हे प्रसंगापुरते असते, तर दर दोन-तीन दिवसांनी नियमित लावावयाचे आर्द्रक हे आवरणात ओलावा टिकविण्यासाठी असते. यांनीही वेदना न थांबल्यास, किंवा रक्त दिसल्यास, वैद्यकीय तपासणी हवी. ऋतुनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर स्थानिक इस्ट्रोजेनचा अल्प मात्रेतील उपचार उपलब्ध आहे. इंग्रजी वैद्यकानेही या अवस्थेचे जुने, 'क्षय' सूचित करणारे नाव २०१४ मध्ये बदलले. योनी हा शब्द जाहीरपणे उच्चारण्यास होणारा संकोच हे त्यामागील एक कारण होते. संकोच केवळ मराठीचा नाही, एवढाच यातून निष्कर्ष निघतो.

मराठीपुढील काम त्या मानाने सोपे आहे. 'वंगण' हा शब्द यंत्रशास्त्रात प्रतिष्ठित झालेला आहेच. जलवंगण, तेलवंगण, सिलिकोन-वंगण आणि आर्द्रक असे चार शब्द पाठ्यपुस्तकांत, औषधांच्या वेष्टनांवर आणि दवाखान्यांतील भाषेत एकाच अर्थाने वापरले गेले, तर खोबरेलाच्या वाटीकडे जाणारा हात थांबण्यास एक कारण मिळेल. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला आपले दुखणे सांगताना मान खाली घालावी लागणार नाही, एवढी सोय भाषेने करून देणे हे कोशकार्याच्या कक्षेबाहेरचे मानता येत नाही.