दौलताबादची द्राक्षं आणि फेसाळणारी लाल वाईन

"खराब झालीये ही," ग्लासमधला जांभळा फेस बघून मी म्हणालो. लाल वाईन कधी फसफसते का?

माझा मित्र बोलोन्याला शिकतो. सुट्टीत संभाजीनगरला येताना त्याने ही बाटली आणली होती. आमच्या घरी हा विषयही निघू शकत नाही, म्हणून त्याच्या गच्चीवर बसलो होतो. सोबत शहागंजातून आणलेलं नान-खलियाचं पार्सल. तो हसून म्हणाला, "ही लँब्रुस्को. अशीच असते. थंडच प्यायची."

इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात, मोडेना आणि रेज्जो एमिलिया या शहरांच्या आसपास ही वाईन होते. लँब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही, ते अख्खं घराणं आहे: सोर्बारा, ग्रास्पारोस्सा, सालामिनो. तिथलं जेवण म्हणजे डुकराचं मांस, लोणी, पार्मेझान चीज. अशा तेलकट-तुपकट घासानंतर वाईनचा आंबटपणा आणि बुडबुडे तोंड स्वच्छ करतात, पुढच्या घासाची भूक लागते.

खलियावर तरंगणारी लाल तर्री बघितली आणि मला ते लगेच पटलं. नान बुडवायचा, मटणाचा तुकडा, मग एक घोट. तिखटावर किंचित गोडवाही बरा वाटला.

पण त्या रात्री झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. नान-खलिया आपल्याकडे तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं शहरात सगळेच सांगतात. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला राजधानी आणली, दौलताबाद केलं, आणि लष्करासाठी मोठ्या देगांमध्ये हा पदार्थ शिजू लागला. दख्खनच्या द्राक्षांची गोष्टही याच स्थलांतराशी जोडली जाते. १३४० च्या दशकात इथून गेलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षं-डाळिंबांची नोंद केली आहे, वर्षातून दोनदा फळं येतात असंही लिहिलंय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या ताटातलं जेवण आणि द्राक्षं एकाच गावात होती.

मग खलिया राहिला आणि द्राक्षांचं नाव नाशिकला कसं गेलं?

मला वाटतं, पदार्थ माणसांसोबत चालतो, वेलीला पाणी लागतं. राजधानी दिल्लीला परतली तरी लग्नांच्या देगा चुलीवर राहिल्या. द्राक्षबागेला मात्र दरवर्षी छाटणी, आधार आणि पाण्याची खात्री हवी. इथे पाणी हा कायमचाच प्रश्न. मलिक अंबरला शहर वसवताना नहर खोदावी लागली, ती उगाच नाही.

महाराष्ट्रात फेसाळती वाईन आली तीही नारायणगावला. १९८० च्या दशकात शामराव चौगुलेंनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ती बनवली, आणि परदेशात ती 'ओमर खय्याम' नावाने विकली गेली. मराठवाड्यात द्राक्ष खऱ्या अर्थाने परतलं ते पाणी अडवल्यावर. जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाची कामं केली, शेततळी खोदली आणि त्या जोरावर बागा उभ्या केल्या.

माझ्या मामांचीही दोन एकर बाग होती. २०१४ च्या गारपिटीत काढणीला आलेले घड मातीत गेले. पुढच्या वर्षी त्यांनी वेली उपटल्या. मांडवाचे लोखंडी अँगल अजून गोठ्यामागे पडून आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. वाईनचं नाव न घेता, इटलीत द्राक्षं पिकवणारे लोक आहेत, तेही आपल्यासारखंच रस्सेदार-तेलकट खातात, असं काहीतरी सांगत राहिलो. मामांनी ऐकून घेतलं.

"गारा पडतात का रे तिकडं?"

मित्राने सांगितलं होतं, म्हणून मला माहीत होतं. "पडतात मामा. फळबागांवर जाळ्या बांधतात."

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "जाळीला एकरी किती खर्च येतो, विचार बरं त्याला."