जेसीबी, पोकलेन आणि बिननावाचं मशीन

मी बेळ्ळंदूरहून बोलतोय. गेल्या उन्हाळ्यात निपाणीचे आमचे दाजी घरी आले होते. इथल्या गृहसंकुलांत मातीकामाची, बागकामाची कंत्राटं घेतात ते. चहा संपायच्या आत त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुम्ही इतिहास सांगता न्हवं? मग सांगा, छोटा लोडर चाकाचा घेऊ का पट्ट्याचा?" प्रश्न थट्टेत विचारला होता, पण मशीनसाठी निपाणीचं घर गहाण पडणार होतं. म्हणून आजचा भाग त्यांच्या प्रश्नावर.

पट्टा आला तोच चिखलामुळे. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळची जमीन मऊ, कुजलेल्या झाडपाल्याची. वाफेवरचे जड ट्रॅक्टर तिथं रुतायचे. बेंजामिन होल्टने आधी चाकं रुंद करून पाहिली, पण यंत्र अवाढव्य झालं. मग नोव्हेंबर १९०४ मध्ये त्याने मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचा पट्टा बसवला. वजन पसरलं, रुतणं थांबलं. सुरवंटासारखं सरपटतं म्हणून नाव पडलं कॅटरपिलर. छोटा लोडर बराच नंतरचा. १९५७ मध्ये मिनेसोटातल्या केलर बंधूंनी टर्की कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण काढायला तो बनवला, तोही चाकांचा. त्याला रबरी पट्टा लागला १९८० च्या दशकात. जपानच्या ताकेउची कंपनीने १९८६ मध्ये तसा लोडर आणला.

आता आपल्याकडे येऊ, कारण दाजींचं उत्तर इथंच आहे.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि अमेरिकी सैन्याची यंत्रं भारतात पडून राहिली. मुंबईत हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांची भागीदारी होती. त्यांनी त्याच वर्षी कॅटरपिलरशी विक्रीचा करार केला. युद्धातली कॅटरपिलर यंत्रं स्वस्तात मिळत होती, पण तेवढंही भांडवल दोघांकडे नव्हतं. ते उभं करायला ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो प्रायव्हेट लिमिटेड स्थापन झाली. सरकारनेही तशीच उरलेली यंत्रं घेऊन मध्य भारतातलं कांस गवत नांगरायला काढलं. ती पुरली नाहीत. १९४९ मध्ये नव्या जड ट्रॅक्टरांसाठी जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं.

पुढे लार्सन अँड टुब्रोने फ्रान्सच्या पोकलेन कंपनीच्या तंत्रावर खोदाई यंत्रं इथं बनवली. एस्कॉर्ट्सबरोबर जेसीबी १९७९ मध्ये आली. आणि गंमत बघा, आज कुठल्याही कंपनीचं पट्ट्याचं खोदाई यंत्र आपल्याला 'पोकलेन', आणि मागे-पुढे बकेट असलेलं चाकाचं मशीन 'जेसीबी'. माझ्या मते ही नावं जाहिरातीने रुजली नाहीत. जे मशीन तालुक्याच्या गावी दुरुस्त होतं, त्याचंच नाव लोकांच्या तोंडी बसतं.

पट्ट्याच्या छोट्या लोडरला मराठीत अजून नाव नाही. दाजींना म्हटलं, त्याचा अर्थ बाजारात जाऊन बघू. जे. सी. रोडला गेलो. जेसीबीचे बकेटचे दात, होस, फिल्टर चटकन पुढ्यात आले. लोडरचा रबरी पट्टा विचारल्यावर दुकानदाराने आधी मॉडेल, मग वर्ष विचारलं आणि शेवटी म्हणाला, "मागवावा लागेल, दीड-दोन महिने." पट्टा हजार-दीड हजार तास चालतो. खडीवर, डांबरावर सारखं वळवलं तर त्याहून लवकर जातो. आणि तो बदलताना खालचे रोलर, दात्याचं चाकही बघावं लागतं. ऐन पावसाळ्यात दोन महिने मशीन उभं राहिलं तर हप्ता कोण भरणार?

राहिला बसणाऱ्याचा प्रश्न. आपल्याकडे मशीन घेतो मालक, बसतो ऑपरेटर, म्हणून सीटबद्दल कुणी विचारतच नाही. चाकाचा छोटा लोडर आखूड असल्याने खड्ड्यात डोलतो, पण टायरमधली हवा थोडा धक्का खाते. पट्टा छोटे खड्डे ओलांडून जातो. मात्र पट्ट्याचा सांगाडा थेट चासीला पक्का जोडलेला असेल, तर कडक जमिनीवरची थरथर सरळ कंबरेत उतरते. काही मशीनांत मध्ये रबराचे टॉर्शन ॲक्सल असतात, तिथं फरक कळतो. दाजींचा रायचूरचा ऑपरेटर दोन्ही जातींच्या मशीनवर राडारोड्यातून अर्धा-अर्धा तास फिरला. उतरून कंबर धरत म्हणाला, "साहेब, पहिल्यावर मी दिवाळीपर्यंत टिकणार नाही." टॉर्शनवालं त्याला आवडलं, पण त्याची किंमत दाजींना झेपणारी नव्हती. शिवाय पट्टा कधी मिळेल ते लिहून द्या म्हटल्यावर विक्रेता हसून गप्प बसला.

शेवटी दाजींनी चाकाचं घेतलं, वापरलेलं. तलावाकडेच्या ओल्या जागेवर काम निघालं की पट्ट्याचं भाड्याने आणतात, डिझेलसकट. घर अजून गहाण आहे. ऑपरेटर दिवाळीनंतरही तोच आहे.