धूळपाटीपासून काचपाटीपर्यंत

शिक्षणाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर ग्रंथ, विद्यापीठे आणि मोठमोठे पंडित उभे राहतात. तीन-चार वर्षांच्या पोराच्या मुठीत त्या काळी काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी पेशाने मास्तर आणि हौसेने कादंबरीकार. दोन्ही धंद्यांत बारीकसारीक वस्तूंकडे निरखून पाहण्याची खोड लागते. म्हणून त्या मुठीतल्या वस्तूंचीच थोडी हकीगत या दिवाळीला वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडचे जुने साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटाने वा काडीने अक्षर काढायचे. चुकले तर वरून हात फिरवला की पाटी कोरी! पंतोजींच्या छडीविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण या पाटीचे शहाणपण उपेक्षितच राहिले. कागद महाग, शाई महाग, धूळ मात्र फुकट. शिवाय अक्षर डोळ्यांबरोबर बोटालाही कळत असे.

तिकडे युरोपात कोमेनियस नावाच्या धर्मोपदेशकाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापविले. शब्दाशेजारी वस्तूचे चित्र, ही आज अगदी साधी वाटणारी कल्पना त्या काळी मोठी नवलाची होती. पुढे १८३७ साली फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने त्याच्याही पलीकडे पाऊल टाकले. त्याने चित्राऐवजी वस्तूच मुलाच्या हाती दिली. रंगीत लोकरीचे सहा चेंडू. मग लाकडी गोळा, ठोकळा आणि नळकांडे. त्यांना तो ‘भेटी’ म्हणे. त्याच्या शाळेचे नाव बालोद्यान, म्हणजेच किंडरगार्टन. गंमत अशी, की १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालोद्यानांवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत टिकली. लोकरीच्या चेंडूंनाही सरकारे भितात ती अशी!

यानंतर आल्या मारिया माँटेसरी. ही वैद्यक शिकलेली बाई. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतली युक्ती पाहण्यासारखी आहे. लाकडाच्या ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एखादा उरतो किंवा बसेनासा होतो. बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरजच नाही. लाकूडच ते सांगते, आणि तेही न रागावता. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मूल बोट फिरवी, तेव्हा मला आपली धूळपाटीच आठवते.

हा विचार आपल्या बाजूला आणला गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. स्वतः माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला.

परंतु एक अडचण होती. ती सुबक साधने नेमक्या मापाची, कसबी सुताराने घडवलेली, म्हणून महाग. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत खाऊनपिऊन सुखी घरांची होऊ लागली होती. ज्याच्या घरी खेळणे नाही, पुस्तक नाही, त्या मुलाचे काय?

हा प्रश्न ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला नेला. बालवैधव्याचे दुःख सोसलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत रुजले. मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. आणि साधने? शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती. लहानमोठे ओळखायला चिंचोके आणि गोटे, रंग ओळखायला पाने-फुले. हरवले तर पुन्हा वेचून आणता येणारे साधन! मला तर हा शोध कोणत्याही यंत्राच्या तोडीचा वाटतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

आता पोराच्या मुठीत काचेची पाटी आली आहे. तिला मी सरसकट नावे ठेवणार नाही. २०२० साली शाळांना टाळे लागले तेव्हा गोष्ट आणि गाणे तिनेच घरोघर पोचविले. अर्थात, जिथे ती होती तिथेच. जुनी अडचण पुन्हा उभी राहिली ती अशी. पण काचेवर चिंचोका गुळगुळीत, दगड गुळगुळीत आणि वाघही गुळगुळीतच! बोटाला कळायचे ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन ते चार वर्षांच्या मुलाने पडद्यापुढे बसून दिवसाकाठी तासाहून अधिक वेळ घालवू नये, आणि कमी असेल तितके बरे. माझे मोजमाप याहून साधे आहे. मुलाच्या हाताला काम देते, चूक त्याची त्याला दाखवते आणि गरिबाच्याही अंगणात पोचते, ते साधन चांगले. मग ते धुळीचे असो की काचेचे.

आणि वाचकहो, असे एक साधन या घटकेला आपल्या दारातच असेल. दगड, विटा, पोते आणि चिखल घेऊन पोरे किल्ला बांधीत असतील. बुरूज ढासळला तर लगेच धावून जाऊ नका. तो का ढासळला, हे माती त्यांना सांगतेच आहे.